मॉनिटर बंद करून भरलेला फॉर्म

माझी नजर एका दिवसात गेली नाही, म्हणून ती गेली असं आमच्या घरात कुणी कधी म्हटलंच नाही. लहानपणी दिवे लागायच्या वेळेला मी उंबऱ्याला अडखळायचे, तेव्हा आई म्हणायची, पोरीचं चालण्यात ध्यान न्हाय. मग डोळ्यांपुढचं जग कडेकडेनं आवळत गेलं. आधी बाजूनं येणारी सायकल दिसेना, मग ताटातली शेजारची वाटी दिसेना. सतराव्या वर्षी समोर फक्त एक धुरकट भोक उरलं होतं, आणि पुढच्या वर्ष-दीड वर्षात तेही मिटलं. पुण्याच्या डॉक्टरांनी रोगाचं लांबलचक नाव सांगितलं आणि यावर औषध नाही असंही सांगितलं. परतीची एसटी भिगवणला थांबली. माझ्या वडिलांनी, आबांनी, खाली उतरून माझ्यासाठी गरम भजी आणली आणि हातात पुडा देताना म्हणाले, "जपून, लई गरम हायेत." त्या विषयावर त्यांचं माझ्याशी झालेलं बोलणं एवढंच.

भवानीनगरला कारखान्याच्या कॉलनीत आमच्या दोन खोल्या होत्या. आबा कारखान्यात पॅनमन, म्हणजे उसाचा रस आटवून साखरेचा दाणा पाडणारे कारागीर. दाणा बसला का नाही हे पाहायला ते पॅनमधला पाक काचेच्या पट्टीवर घेऊन उजेडापुढं धरायचे आणि मग चिमटीत चोळायचे. घरी जेवतानासुद्धा त्यांची बोटं नकळत एकमेकांवर घासत असायची. हंगामात सगळ्या कॉलनीला मळीचा आंबूस-गोड वास यायचा. पाळी बदलताना भोंगा वाजायचा, आणि ट्रॅक्टर ट्रॉल्यांवरची गाणी एकमेकांत मिसळून लांब जायची. हंगाम संपला की इतकं शांत व्हायचं, की शेजारच्या घरातला कुकर आमचाच वाटायचा. आईचा स्वयंपाक मी आवाजावरून ओळखायला शिकले. भाकरी थापताना परातीतून येणारी थपथप, तव्यावर पाणी फिरवल्यावरचा चर्रकन आवाज, खलबत्त्यात शेंगदाणे-लसूण कुटताना आधी येणारा कोरडा आणि मग तेल सुटल्यावर येणारा दबका ठोका. पण मला ती चुलीजवळ बसू द्यायची नाही. पाणी हातात आणून द्यायची, ताट पुढ्यात ठेवायची, भाकरीचा तुकडासुद्धा मोडून द्यायची. त्या मायेला नावं ठेवायची माझी आजही छाती होत नाही. पण विशीतल्या मुलीला दिवसभर बसायचं काम कसं असतं, ते मला विचारा.

मला एकच गोष्ट येत होती, टायपिंग. नजर पुरती जायच्या आधी, दहावीनंतरच्या सुट्टीत, आबांनी मला मुलाणी सरांच्या टायपिंग क्लासला घातलं होतं. स्टँडजवळ पत्र्याच्या खोलीत आठ मशिनं होती आणि सकाळी सगळी एकदम सुरू झाली की पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटायचं. सर फार कडक. कुणी बोटांकडं पाहिलं की ते हातांवर रुमाल टाकायचे. माझ्या हातांवर त्यांना कधी रुमाल टाकावा लागला नाही, आणि त्याचं कारण त्यांना फार उशिरा कळलं. परीक्षेत मी मराठी आणि इंग्रजी दोन्हींत पास झाले. पुढं सर थकले, त्यांची मुलगी यास्मिन मॅडम क्लास बघू लागल्या, मशिनं भंगारात गेली आणि त्या जागी कॉम्प्युटर आले. मी मोठ्या आशेनं गेले होते. पण कॉम्प्युटरला टाइप करण्याआधी माऊसनं कुठंतरी टिचकी मारायची असते, आणि ती कुठं मारायची ते काचेवर दिसतं. मॅडमनी पंधरा दिवस माझ्या शेजारी बसून प्रयत्न केला. नंतर मीच जायचं बंद केलं. बोलणारे कॉम्प्युटर असतात असं त्यांनी चौकशी करून सांगितलं होतं, पण ते विकतचं सॉफ्टवेअर आमच्यासारख्यांनी विचारायच्या पलीकडचं होतं. ती तीन-चार वर्षं मी रेडिओ ऐकत काढली. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं खरंच काही नाही.

मग एका सकाळी यास्मिन मॅडम घरी आल्या. आई त्यांच्यासाठी चहा टाकत होती आणि मॅडमना चहाला थांबायचा धीर नव्हता. इंटरनेटवर त्यांना एक सॉफ्टवेअर सापडलं होतं, पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारं, आणि पूर्ण फुकट. कुठल्या तरी लांबच्या देशात, ज्यांना स्वतःला दिसत नाही अशा माणसांनीच ते लिहिलं होतं आणि ज्याला हवं त्यानं घ्यावं म्हणून ठेवून दिलं होतं. आमच्या इथल्या नेटवर ते उतरवायला त्यांना अख्खी दुपार लागली होती. दोनदा मध्येच तुटलं, तिसऱ्यांदा पुरतं आलं. आई म्हणाली, फुकट हाय म्हंजी कायतरी खोट आसंल. मॅडम हसल्या आणि मला हाताला धरून घेऊन गेल्या.

कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरला त्यांनी हेडफोन लावला आणि माझ्या कानावर चढवला. पहिल्यांदा ऐकलेला तो आवाज अजून जसाच्या तसा आठवतो. माणसाचा नव्हताच तो. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणीतरी घाईघाईत इंग्रजी बोलावं तसा, आणि वेग असा की बारामतीच्या मार्केट यार्डातला गुळाचा सौदाही त्यापुढं सावकाश वाटावा. मला एक शब्द कळला नाही. मी टॅबचं बटण दाबलं, तो काहीतरी बोलला. परत दाबलं, दुसरं काहीतरी बोलला. मग मी एक अक्षर टाइप केलं आणि त्यानं ते अक्षर म्हणून दाखवलं. मी माझं नाव 'नंदा' असं इंग्रजीत लिहिलं, त्यानं 'नँडा' म्हटलं. मी इतकी हसले की मॅडमना वाटलं रडतेय.

मॅडमनी मला शिकवलं आणि मी त्यांना. सॉफ्टवेअरबरोबर आलेली मदतीची पानं त्या वाचायच्या, मी ती बटणं दाबून पाहायचे. माऊस त्यांनी माझ्या मशिनचा काढूनच टाकला. आल्ट धरून टॅब दाबलं की एका खिडकीतून दुसरीत जाता येतं. एफ-दोननं फाइलचं नाव बदलतं. कंट्रोल आणि एस हे दर ओळीला दाबायचं, विसरायचं नाही. आणि कंट्रोल-झेड दाबलं की आत्ताच केलेली चूक मागं जाते. हे शेवटचं मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "झ्याक हाय की." रोज संध्याकाळी ती विचारायची, आज काय शिकलीस. एकदा मी सांगितलं, तो आवाज 'रेडिओ बटन' म्हणतो, म्हणजे चारांतलं एकच निवडायचं. त्यावर तिनं शेजारणीला सांगितलं की नंदाच्या कॉम्प्युटरवर रेडिओपण लागतो. पुढं त्यावर मराठीही वाचणारा आवाज आला. तो 'ळ' म्हणताना अडखळायचा आणि 'ज्ञ' आला की घसरायचा, पण मराठी बोलायचा. आता माझ्या फोनमधली बाई इतकं चोख बोलते की कधीकधी मला त्या जुन्या पत्र्याच्या डब्याची आठवण येते. चाळिशी उलटल्यावर माणूस कशाकशाची आठवण काढेल सांगता येत नाही.

तेव्हा आमच्याकडं रोज दुपारी भारनियमन असायचं. दोन ते सहा वीज नाही, हे घड्याळापेक्षा पक्कं. क्लासमध्ये एकच यूपीएस होता, तोही म्हातारा. तो वीज गेल्यावर दहा मिनिटं टिकायचा, मग टूं टूं करून गप्प. मला सरावाला मशिन दुपारीच मोकळं मिळायचं. एक दिवस मॅडम म्हणाल्या, तुला पडदा कशाला लागतोय, आणि त्यांनी मॉनिटरचं बटण बंद केलं. तो जुना, पोट सुटल्यासारखा काचेचा मॉनिटरच बहुतेक सगळी वीज खात होता. तो बंद असला की यूपीएस अर्ध्या तासाच्याही पुढं जायचा. ते आमच्या दोघींच्या फायद्याचं निघालं, पण त्याचा दुसऱ्या कुणाला कधी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

त्या दिवशी मात्र वीज दोनला गेली नाही. चार वाजून गेले तरी पंखा चालू होता, आणि सगळे खुशीत होते. धरणाकाठच्या डाळज गावचे बापूराव आपल्या मुलीला, रेश्माला घेऊन आले होते. रेश्मा भवानीनगरला मामाकडं राहून बारावी झाली होती. मला ती ओळखायची, पण रस्त्यात भेटली की माझ्याशी न बोलता आईला विचारायची, नंदाताई बऱ्या हायेत ना. तिला नर्सिंगला जायचं होतं. प्रवेशाचा फॉर्म इंटरनेटवरूनच भरायचा होता आणि त्याचा तो शेवटचा दिवस होता. पाच वाजता ते पान बंद होणार होतं. जातीचा दाखला तहसीलमधून सकाळी हातात पडला म्हणून त्यांना उशीर झाला होता. मॅडम भराभर टाइप करत होत्या, मी शेजारच्या स्टुलावर बसून ऐकत होते. अर्धा फॉर्म झाला आणि पंखा फिरत फिरत थांबला.

यूपीएस टूं टूं करू लागला. बापूरावांनी विचारलं, आता वं. मॅडमनी सांगितलं, दहा मिनिटं आहेत, आणि फॉर्म दहा मिनिटांत होत नाही, पानच सावकाश उघडतं. बारामतीला जायचं म्हटलं तर एसटी मिळून पोचेपर्यंत पाच वाजून जाणार. रेश्माच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या हे माझ्या लक्षात आलं. मी म्हणाले, मॉनिटर बंद करा, मी भरते.

मग बापूराव हळूच मॅडमना म्हणाले, पण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "बाई, तिला दिसत न्हाय. आन् तुमी पडदाबी बंद करनार. माझ्या पोरीचं वरीस हाय ह्ये."

त्यांची चूक नव्हती. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. मला मनातून वाटत होतं, मॅडमनी नको म्हणावं, म्हणजे सुटले. मॅडम माझ्या कानाजवळ वाकल्या आणि विचारलं, जमेल? मी म्हणाले, माहीत नाही, पण दुसरं काय आहे. त्यांनी खुर्ची सोडली. मी बसले, हेडफोन चढवला, आणि मॉनिटर बंद झाल्याची ती बारीक टिक् ऐकली.

खोलीत आता माझ्या कानातल्या आणि मॅडमच्या आवाजाखेरीज काही नव्हतं. मॅडम कागद वाचून दाखवत होत्या, मी लिहीत होते. टॅब दाबलं की आवाज सांगायचा, अमुक रकाना, रिकामा. पत्ता. पिन कोड. दाखल्याचा नंबर. जिल्ह्याची यादी उघडून पी दाबलं की परभणीवर जायचं, मग खाली सरकत पुण्यावर यायचं. बापूराव माझ्या मागं उभे होते, त्यांच्या कपड्यांना उन्हाचा आणि तंबाखूचा वास होता. आम्ही शेवटच्या रकान्याला आलो तेव्हा मॅडमच्या घड्याळात पाच वाजायला बारा मिनिटं होती. त्या म्हणाल्या, चल, पाठव.

मी पाठवलं नाही. का कोण जाणे, मला एकदा वरून वाचावंसं वाटलं. मॅडमनी घाईत भरलेला पहिला अर्धा भाग मी ऐकलाच नव्हता. डोळ्यांनी पाहणारा माणूस ओळीवरून नजर फिरवतो, मला मात्र एकेक अक्षर कानातून जाऊ द्यावं लागतं. मॅडम म्हणत होत्या, नंदा, वेळ नाही. मी वर गेले. नाव, आईचं नाव, जन्मतारीख. मग गुण. जीवशास्त्र, अडुसष्ट. मी विचारलं, रेश्मा, तुला बायोलॉजीत किती? ती म्हणाली, "शहाऐंशी." आकडे उलटे पडले होते. मी ते दुरुस्त केलं, कंट्रोल-झेडची गरज पडली नाही, आणि खाली आले.

शेवटी एक अडचण उरलीच होती. फॉर्म पाठवायच्या आधी एक चित्र येतं, वेडीवाकडी अक्षरं असलेलं, आणि ती ओळखून लिहायची असतात. यंत्राला वाचता येऊ नयेत म्हणूनच ती तशी काढतात, त्यामुळं माझ्या आवाजालाही ती येत नव्हती. मी मॅडमना सांगितलं, आता लावा मॉनिटर, तेवढ्यापुरता. काच तापून उजेड यायला वेळ लागला आणि तोवर यूपीएसची टूं टूं एकसलग झाली. मॅडमनी अक्षरं सांगितली, मी लिहिली, त्यांनी मॉनिटर बंद केला, मी एंटर दाबलं. आवाज काही बोलेना. मी मनात आकडे मोजू लागले. मग तो बोलला, फॉर्म मिळाला, आणि त्यापुढं एक लांब नंबर. मी तो मोठ्यानं म्हणत गेले आणि मॅडम रेश्माच्या तळहातावर बॉलपेननं लिहीत गेल्या. शेवटचे दोन आकडे मी परत ऐकायला गेले आणि यूपीएस बंद पडला. ते दोन आकडे मी एकदाच ऐकले होते. चार आणि सात. मी शपथ घ्यायला तयार होते, पण शपथ घ्यायला कुणी सांगितलं नाही.

वीज येईपर्यंत आम्ही चौघं तिथंच बसून राहिलो. मॅडमच्या घरून चहा आला, बापूरावांनी बशीत ओतून प्यायला, आणि त्यांनी मला विचारलं की मी कुणाची. पॅनमन आबांची म्हटल्यावर म्हणाले, नाव ऐकल्यालं हाय. एवढंच. सहाला पंखा फिरू लागला. मॅडमनी मशिन सुरू केलं, रेश्माच्या तळहातावरचा नंबर घातला आणि पान सावकाश उघडलं. मग रेश्मानं स्वतः वाचलं, तिचं नाव, तिचे गुण, पाच वाजायला चार मिनिटं असताना पोचल्याची वेळ. तिनं माझा हात धरला आणि पहिल्यांदा माझ्याशी बोलली. काय बोलली ते सांगत नाही, ते तिचं माझं आहे. आज ती सोलापूरला मोठ्या दवाखान्यात आहे आणि दर दिवाळीला फोन करते.

चार दिवसांनी बापूराव आमच्या घरी आले. धरणाच्या पाण्यातली ताजी चिलापी त्यांनी पिशवीत आणली होती, इतकी की आईला शेजारच्या दोन घरांत वाटावी लागली. आबा कामावरून नुकतेच आले होते. बापूरावांनी त्यांना सगळं सांगितलं. मी घरी थोडंच सांगितलं होतं, कारण फुशारकी वाटेल अशी भीती होती. आबा ऐकत राहिले. बापूराव गेल्यावर आईनं मासे तळायला घेतले, घरभर हळद-तिखटाचा खमंग वास सुटला, आणि आबांनी मला विचारलं, "त्यो मानूस म्हनतूय, तू चूक धरलीस. बाईंनी बघून भरल्यालं, त्यातली तू धरलीस. खरं हाय?"

मी म्हटलं, खरं आहे. आबा म्हणाले, "मग घाईत पाठवलं न्हायस, त्ये बरं केलंस." त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कारखान्यातल्याही कुणी ऐकली नसेल. त्या दिवशी काटे मी स्वतः काढले. आईनं दोनदा हात पुढं केला आणि दोन्ही वेळा आबा खाकरले. एक काटा माझ्या घशात अडकला, भाताचा घास गिळून तो गेला, आणि मी पुढचा तुकडा मोडला. चिलापी मला तेव्हापासून फार आवडते.

यास्मिन मॅडमनी त्यानंतरच्या महिन्यात एक नवी बॅच काढली. ज्यांना कॉम्प्युटरची भीती वाटते अशांसाठी, सकाळी एक तास. पेन्शनवाले, अंगणवाडीच्या दोन बाया, एक किराणा दुकानदार. शिकवायला मला सांगितलं. मी म्हटलं, डोळस माणसांना मी काय शिकवणार. त्या म्हणाल्या, तुला जे येतं तेच. मी रात्रभर विचार केला नाही, मला छान झोप लागली. काय सांगायचं ते मी ठरवून गेले होते. काम चालू असताना जपून ठेवायचं. फाइलला नाव देताना उद्या आपल्यालाच कळेल असं द्यायचं. दुसऱ्याचा पेनड्राइव्ह लावला की आधी तपासायचा. विकतच्या सॉफ्टवेअरवाचून अडत नाही, पत्रं लिहायला, हिशेब करायला, मराठी टाइप करायला फुकटातलं चांगलं मिळतं, फक्त ते ज्यांनी बनवलं त्यांच्याच पानावरून घ्यायचं. आणि चुकलं तर घाबरायचं नाही, ते मागं घेता येतं.

मी आत गेले तेव्हा खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. पहिल्या मशिनवर पोस्टातून रिटायर झालेले गणपततात्या बसले होते. ते आमच्याच कॉलनीतले, लहानपणापासून मला 'पोरी' म्हणणारे. ते टेबलावर हात फिरवत काहीतरी शोधत होते. मग थांबले, घसा साफ केला आणि म्हणाले, "मॅडम, ह्याचा माऊस कुठाय?"

यास्मिन मॅडम तर बाहेर फोनवर बोलत होत्या. तात्या मलाच मॅडम म्हणतायत हे कळायला मला थोडा वेळ लागला.

"काढून ठेवलाय, तात्या," मी म्हणाले. "आज लागणार नाही."